हलशी : समोरासमोरचे दोन गाभारे

[दृश्य : पहाट, नंदगडहून हलशीकडे जाणारा रस्ता]

नंदगड मागे पडलं की दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. पुढे हलशी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं, मराठी बोलणारं कौलारू गाव. पाचव्या शतकात याचं नाव होतं पलाशिका. बनवासीच्या कदंब राजघराण्याची ही दुसरी राजधानी.

याच रस्त्यालगत चक्रतीर्थ नावाची लहानशी विहीर. तिच्याजवळच्या मातीच्या उंचवट्यात एकोणिसाव्या शतकात कदंबांचे ताम्रपट सापडले. एकात राजा काकुस्थवर्मा आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला शेत देतो. दुसऱ्यात या राजाचा नातू मृगेशवर्मा वडिलांच्या स्मरणार्थ इथंच जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवतो. राजांच्या लढाया पुष्कळ ऐकल्या. हे उपकाराचं शेत मात्र मनातून जात नाही.

[दृश्य : भूवराह नरसिंह मंदिर, मंडप]

मग सातशे वर्षांनी कदंबांची गोव्याची शाखा आली, आणि हे देऊळ उभं राहिलं.

एरवी देवळात शिरलं की समोर एक गाभारा असतो. इथं मंडपाच्या दोन टोकांना दोन गाभारे आहेत, एकमेकांकडे तोंड करून. एकीकडे बसलेला विष्णू आणि त्याच्या पुढ्यात नरसिंहाची छोटी मूर्ती. दुसरीकडे पृथ्वीला उचलून उभा राहिलेला वराह. एकाला हात जोडले की दुसऱ्याकडे पाठ होते. मग आपसूक वळणं होतं, पुन्हा हात जोडणं होतं.

देवळातला शिलालेख या मांडणीचा उलगडा करतो. नरसिंहाची स्थापना ११६९ सालची, राजा पेर्माडीच्या काळातली. वराह आला ११८६-८७ मध्ये, त्याचा भाऊ विजयादित्य याच्या हातून. म्हणजे सतरा-अठरा वर्षं नरसिंहासमोर वराह नव्हता. थोरल्याचं बिरुद शिवचित्त, धाकट्याचं विष्णुचित्त. ज्याचं चित्त शिवापाशी, त्याच्या राज्यात नरसिंह बसला! गावात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर ही शिवाची देवळं आहेत, आणि जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिरही.

[दृश्य : मंडपातले खांब, मग संध्याकाळची दिवाबत्ती]

खांबांवरून हात फिरवून बघा. दगड लेथवर धरल्यासारखा गोल, घोटीव. नरसिंहाची पूजा आजही होते, वराहाचीही.

परतताना चक्रतीर्थापाशी थांबा. बघण्यासारखं तिथं फार नाही. पण पलाशिका हे नाव त्या मातीतून वर आलं.