फोन म्हणजे पेनड्राइव्ह नव्हे

नमस्कार. आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? वायर लावायची, फोल्डर उघडायचा, फाइली फोनमधून कॉम्प्युटरवर टाकायच्या, झालं काम. मलाही तसंच वाटायचं.

माझे वडील आजारी होते त्या वर्षात मी त्यांना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करत असे. त्यांचं लहानपण, पहिली नोकरी, माझ्या जन्माच्या रात्रीची धावपळ. अशी ३१ रेकॉर्डिंग झाली. फोनमधली जागा संपत आली म्हणून एका रात्री ती कॉम्प्युटरवर घेतली. मध्येच एक चौकट आली: ही फाइल कॉपी होत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा की वगळायची? झोप आली होती. मी ‘वगळा’ दाबलं, आणि पुढच्या सगळ्या अडचणींनाही तेच उत्तर लागू करा, अशी खूणही केली. थोड्या वेळानं फोल्डर फाइलींनी भरलेला दिसला. मी फोनमधून सगळं पुसून टाकलं. वडील गेल्यानंतर ऐकायला बसलो तेव्हा २१ निघाली. दहा नव्हतीच.

त्या दहा रेकॉर्डिंगांचं काय झालं, हे समजून घेता घेता मी या विषयात शिरलो. आणि माझी मूळ चूक कळली. मी फोनला पेनड्राइव्ह समजत होतो.

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की त्याचा सगळा ताबा कॉम्प्युटरकडे जातो. कोठीची किल्लीच हातात दिल्यासारखं. कुठल्या फळीवर काय ठेवायचं, काय काढायचं, सगळं कॉम्प्युटर ठरवतो. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन असेच वागायचे. पण त्यात एक मोठी अडचण होती. फोन हा स्वतःच एक कॉम्प्युटर आहे. कोठीची किल्ली दुसऱ्याला दिली की त्याचं स्वतःचं काम अडतं, कारण एकाच साठ्यावर दोन मालक एकाच वेळी लिहायला लागले तर नोंदींचा गोंधळ होऊन सगळा साठाच बिघडू शकतो. म्हणून वायर लावून साठा कॉम्प्युटरला दिला, की तो परत मिळेपर्यंत फोनला त्यातलं काहीच वापरता येत नसे.

२०११ साली अँड्रॉइडची ३.० ही आवृत्ती आली तेव्हापासून ही पद्धत मागे पडत गेली आणि एमटीपी आलं. मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांनी फाइलींची देवाणघेवाण करायचे ठरलेले नियम. मायक्रोसॉफ्टनं ते गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरसाठी बनवलं होतं, आणि त्याचा पाया होता डिजिटल कॅमेऱ्यांसाठीचं पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्स्फर प्रोटोकॉल. यात किल्ली कुणालाच मिळत नाही. काही ग्रंथालयांत आपण थेट कपाटापाशी जाऊन पुस्तक काढतो, काही ठिकाणी खिडकीत चिठ्ठी द्यावी लागते आणि आतला माणूस पुस्तक आणून देतो. एमटीपी म्हणजे ही खिडकी. कॉम्प्युटर चिठ्ठी देतो, फोन फाइल आणून देतो.

एवढं चित्र डोक्यात ठेवलं की फोनच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. हजारो फोटोंचा फोल्डर उघडायला इतका वेळ का लागतो? कारण खिडकीवर एका वेळी एकच चिठ्ठी चालते, आणि प्रत्येक फोटोची माहिती वेगळी मागवावी लागते. फोनमधला लेख कॉम्प्युटरवर उघडून त्यात दुरुस्ती केली तर ती जागच्या जागी साठवता का येत नाही? कारण पुस्तक कपाटात असताना त्याच्या पानावर लिहायची सोय या खिडकीत नाही. आधी फाइल कॉम्प्युटरवर घ्या, दुरुस्त करा, मग परत पाठवा. आणि बारीकसारीक फाइली शेकड्यांनी असतील तर फोनच्या फाइल मॅनेजरमध्येच त्यांची एक झिप करा आणि ती एकच फाइल न्या. शंभर चिठ्ठ्यांचं काम एका चिठ्ठीत होतं.

आता माझ्या दहा रेकॉर्डिंगांकडे येतो. वायर सैल होती. खिडकी मध्येच बंद पडत होती. कॉम्प्युटरनं प्रामाणिकपणे मला विचारलं, आणि मी वगळा म्हणालो.

वायरबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण बहुतेक घरांत दोष तिथेच असतो आणि माणसं फोनला किंवा स्वतःला दोष देत बसतात. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. स्वस्त चार्जिंग केबलींमध्ये कित्येकदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीनं फोन छान चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही. ड्रायव्हर, सेटिंग, अपडेट यांच्या मागे लागण्याआधी दुसरी वायर लावून बघा. चांगली वायर सापडली की तिला रंगीत दोरा बांधून ठेवा आणि चार्जिंगसाठी वापरू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. यूएसबी-सी हे नाव टोकाच्या आकाराचं आहे. तो आकार २०१४ साली आला. वेग हा वेगळा विषय. तोच आकार असलेली केबल २००० सालच्या यूएसबी २.० च्या वेगानं चालणारी असू शकते, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक, त्यामुळे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती येतात साधारण ३० ते ४०. त्या हिशोबानं ५० जीबीच्या व्हिडिओंना वीस-पंचवीस मिनिटं तरी लागणारच. यूएसबी ३.० ला, जे २००८ साली आलं, सेकंदाला ५ गिगाबिटची मुभा आहे, पण फोन, केबल आणि कॉम्प्युटरचं भोक, तिन्ही त्या दर्जाची हवीत. २०२३ सालच्या आयफोन १५ ला यूएसबी-सी आलं खरं, पण साध्या मॉडेलचा वेग यूएसबी २ चाच राहिला. प्रो मॉडेलला जास्त वेग मिळाला, पण सोबत दिलेली केबल यूएसबी २ चीच.

वायर लावली, फोन दिसतो, पण आत काहीच नाही, असं कुणाकुणाचं झालंय? हात वर झालेत बरेच. फोन कुलूपबंद होता, दुसरं काही नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६.० पासून वायर लावली की फोन फक्त चार्जिंग घेतो. पडदा उघडायचा, वरून सूचनांची पट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडायचं. आयफोन २०१३ च्या आयओएस ७ पासून विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? लोक या प्रश्नांना वैतागतात. मला ते फार मोलाचे वाटतात. चार्जिंग आणि माहिती एकाच वायरीतून जाते, आणि अनोळखी जागच्या अनोळखी यूएसबी भोकात आपण आपलं सगळं आयुष्य साठवलेला फोन खुशाल लावतो. तेव्हा फोननं तोंड मिटून राहणं हेच बरोबर.

आयफोनवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. विंडोजला आयफोन फक्त फोटो आणि व्हिडिओ दाखवतो, बाकी साठा नाही. आणि ते कॉपी होताना मध्येच उपकरण काम करत नसल्याची चूक येऊन सगळं थांबतं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि विंडोजला देताना जाता जाता त्यांचं जेपीईजी करतो. या रूपांतरात तो अडखळतो. सेटिंगमध्ये फोटोंच्या पानावर अगदी खाली ‘ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी’ असं दिसेल. तिथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ करा. दुसरं, फोनमध्ये दिसणारे सगळे फोटो फोनमध्ये असतातच असं नाही. आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, फोनची जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर फोनवर छोटी प्रत राहते आणि मूळ फोटो क्लाउडवर असतो. वायरीतून तो येणार नाही. वायरीतून ८०० आले आणि फोनवर ५००० दिसतात, याचं कारण बहुधा हे असतं. मॅक आणि अँड्रॉइड या जोडीचं दुखणं निराळं. मॅकला एमटीपी मुळात कळतच नाही, त्यासाठी वेगळं ॲप टाकावं लागतं.

वायरीशिवायचे मार्ग थोडक्यात सांगतो. ब्लूटूथ मोठ्या फाइलींसाठी विसरा. सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर एक जीबीला तासाहून जास्त लागतो. वायफाय मात्र उत्तम. ॲपलच्या यंत्रांमध्ये एअरड्रॉप, अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये क्विक शेअर, आणि भेसळ असेल तर लोकलसेंड, जे मोफत आहे, ज्याचा कोड खुला आहे आणि ज्याला इंटरनेटही लागत नाही. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असूनही एकमेकांना दिसत नसतील तर ते पाहुण्यांसाठीचं नेटवर्क आहे का ते बघा. तिथे यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतात.

आता एक मार्ग, ज्याविषयी मला कळकळीनं सांगायचं आहे. स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं. सोपं आहे, मान्य. पण फोटो म्हणून पाठवलेला फोटो तिथे दाबून लहान केला जातो, आणि त्याच्या पोटात लिहिलेली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठे काढला, ती गळून पडते. आज तुम्हाला आठवतं की हा फोटो कुणाच्या बारशाचा. वीस वर्षांनी आठवणार नाही, आणि फोटोलाही सांगता येणार नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग तो आहे तसा पोचतो. वायरीनं आणलेल्या फोटोंवर कधी कधी आजचीच तारीख दिसते, त्याला मात्र घाबरू नका. ती फाइल कॉपी झाल्याची तारीख. फोटो काढल्याची खरी तारीख आत शाबूत असते. विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना लावला की दिसते.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक बारीक पण नेमकी गोष्ट. देवनागरीतलं एक एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. अँड्रॉइडच्या साठ्यात फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे साधारण ८५ चिन्हं. विंडोजमध्ये २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे कॉम्प्युटरवर ठेवलेलं लांबलचक मराठी नाव फोनवर जाताना नाकारलं जाऊ शकतं. नाव थोडं आखूड करा, फाइल जाईल. चार जीबीच्या वरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या साठवणुकीच्या पद्धतीचा आहे, जिला एवढी मोठी फाइल पेलत नाही. त्यातलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या आणि तो एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा, म्हणजे पुसून नव्यानं मांडा.

आणि मग तो प्रश्न, ज्यावर माझी दहा रेकॉर्डिंग गेली. सगळं आलं हे ओळखायचं कसं? मी आता असं करतो. कट कधीच नाही, फक्त कॉपी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजतो. फोनकडे ४१२ तर इकडेही ४१२ हव्यात. जीबीच्या आकड्यावर मी विसंबत नाही, कारण अनेक फोन हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४ नं, त्यामुळे तोच साठा इकडे कमी दिसतो. फोन ज्याला ६४ जीबी म्हणतो त्याला विंडोज ५९.६ म्हणतं. मग फाइली आकारानं लावतो. शून्य बाइटची एकही नको. पहिली, शेवटची आणि मधल्या चार-पाच उघडून बघतो. ऑडिओ असेल तर शेवटचं मिनिट ऐकतो, कारण अर्धवट आलेली फाइल सुरुवातीला नीट वाजू शकते. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आणखी एक प्रत. आणि फोनमधलं पुसायचं ते त्याच रात्री नाही. आठवडा जाऊ देतो.

मघाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं होतं की फोन पडून काच फुटली, स्पर्श चालत नाही, कुलूप उघडता येत नाही, आता आतले फोटो गेले का? ताई, पडद्यावर चित्र दिसतंय ना? दिसतंय म्हणालात. अँड्रॉइड आहे. मग ओटीजी नावाचं छोटं जोडणीचं टोक आणा, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरचा साधा वायरचा माउस. फोनच्या पडद्यावर छोटा बाण येईल. त्या बाणानं पिनचे आकडे एक एक करून दाबा. आत गेल्यावर वायफाय चालू करा आणि क्विक शेअरनं फोटो कॉम्प्युटरवर पाठवा, कारण फोनचं भोक माउसनं अडवलेलं असेल. बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या. माउस लावलेला असताना बहुतेक फोन चार्ज होत नाहीत.