दुबई सव्वातीन तास, रत्नागिरी किती?

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी, चिपळूण, दापोली भागात आखातात कुणी ना कुणी असलेली घरं गावोगाव आहेत. अशा घरात तिकीट आलं की ओटीवर एक वाद ठरलेला. समजा, तिकिटावर लिहिलंय की विमान मुंबईहून पहाटे 4 वाजता सुटणार आणि दुबईला पावणेसहाला पोचणार. काका खूश, "पावणेदोन तासांत दुबई!" मग परतीचं तिकीट बघतात. रात्री 10 ला निघून मुंबईत 2.35 ला. "साडेचार तास? येताना काय ढकलत आणतात?"

तसं नाही, काका. तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. जातानाच्या पावणेदोनमध्ये दीड मिळवा, झाले सव्वातीन तास. येतानाच्या 4 तास 35 मिनिटांतून दीड वजा करा, उरले 3 तास 5 मिनिटं. म्हणजे येतानाच विमान लवकर आलं!

अंतर दोन्ही वेळा सारखंच, साधारण 1,930 किलोमीटर. फरक पडतो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात तर फारच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. शिडाची होडी हाकलेल्यांना यापुढे काही सांगायला नको. लांब पल्ल्यावर हा हिशेब मोठा होतो. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर. जाताना सोळाएक तास लागतात, येताना त्याहून दीड-दोन तास कमी.

आता कुणी चाणाक्ष श्रोता विचारेल, विमान तासाला 900 किलोमीटर जातं, मग दुबईला सव्वादोन तास पुरेत की. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढच्या विमानांमागे थांबणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, सगळं त्यात आलं.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात वाट इजिप्त, मोरोक्कोवरून जाईलशी वाटते, पण दोरा वर सरकतो तो थेट उत्तर युरोपावरून, आर्क्टिक वृत्ताच्या जवळून. जवळची वाट तीच. विमानं मात्र दरवेळी ती धरू शकत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला.

आणि आपला खरा वळसा जमिनीवर! मुंबई ते रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरही नाही, पण महामार्गाने जायला दुबईच्या दुप्पट वेळ सहज जातो. सावंतवाडी, दोडामार्गकडच्यांना जानेवारी 2023 पासून गोव्यातला मोपा विमानतळ हाताशी आला, ते सुटले. बाकीच्यांनी मुंबईला माणूस आणायला जाताना गाडीवाल्याला विमान उतरण्याची वेळ सांगू नये, तासभर पुढची सांगावी. शिक्के, सामानाचा पट्टा, यातून पोरगा बाहेर येईपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि उभ्या गाडीचं भाडं आपल्याच खिशातून जातं.