हिरवी टेस्ट, दोनदा गेलेले पैसे

(दृश्य: मेट्रो ३, सीप्झ स्थानकाचे सरकते जिने, सकाळची गर्दी)

सीप्झ, अंधेरी पूर्व. १९७३ साली निर्यातीसाठी उभी राहिलेली ही वसाहत. दागिन्यांच्या कारखान्यांना लागूनच इथे सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. या गर्दीतले बरेच जण टेस्टर. ॲप तुमच्या हाती पडण्याआधी ते कुठे मोडतं, हे शोधणं त्यांचं काम.

(दृश्य: एक्सेल शीट, पास-फेलचे रकाने)

वर्षानुवर्षं ते काम असं चालायचं. लॉगिन करा, रक्कम टाका, बटण दाबा, समोर काय आलं ते बघून पास किंवा फेल लिहा. नवं बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. याला रिग्रेशन म्हणतात. रिलीजच्या आदल्या रात्री शेवटची लोकल चुकते ती यापायीच.

२००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत असताना जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे टेस्टिंगचं टूल तयार केलं. ब्राउझर आपोआप क्लिक करू लागला. पण त्याची दुखणी वेगळी. स्क्रिप्ट, म्हणजे टूलसाठी लिहिलेल्या सूचना, बटण शोधते पत्त्यावरून: तिसरी चौकट, तिच्यातली दुसरी, तिच्यातलं पहिलं बटण. डेव्हलपरने मध्ये एक चौकट वाढवली की पत्ता चुकला. दुसरं दुखणं थांबण्याचं. ‘पाच सेकंद थांब’ असं लिहून ठेवलं आणि सर्व्हरने सहा घेतले, तर टेस्ट लाल, म्हणजे फेल. पुन्हा चालवली की हिरवी, म्हणजे पास. असल्या टेस्टला ‘फ्लेकी’ म्हणतात. लाल दिसण्याची सवय झाली की खऱ्या लालकडेही कुणी बघत नाही. इलाज साधा आहे: सेकंद मोजू नका, बटण दाबण्याजोगं होईपर्यंत थांबा. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट नावाचं टूल हे आपणहून करतं.

(दृश्य: स्क्रीनवर एआय भराभर टेस्ट लिहितोय)

आता हे बघा. डेव्हलपरचा कोड एआयला दिला आणि टेस्ट मागितल्या. चहा येईपर्यंत फाइल तयार, सगळं हिरवं.

नियम असा, की एक लाखापर्यंत रक्कम पाठवता येते. कोडमध्ये मात्र चुकून ‘एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर नाकारा’ असं लिहिलंय. एआयने नियम वाचला तो याच कोडमधून. त्यामुळे त्याच्या टेस्टमध्ये लाखाला नकार हेच बरोबर उत्तर. विद्यार्थ्याच्याच वहीवरून त्याचा पेपर तपासला, असा हा प्रकार.

(दृश्य: कीबोर्डवर बोटं, रकमेचा रकाना जवळून)

टेस्टर कोड बाजूला सारते आणि ग्राहकाने दिलेला नियम उघडते. तीन आकडे टाकते: ९९,९९९, मग १,००,०००, मग १,००,००१. मधल्यावर ॲप अडतं. म्हणजे अपेक्षित उत्तर आधी माणसाने लिहायचं, टेस्ट नंतर एआयकडून. त्या टेस्ट खरंच काही पकडतात का, हे बघायला कोडची एक ओळ मुद्दाम बिघडवायची. तरीही सगळं हिरवंच राहिलं, तर त्या टेस्ट नुसत्या शोभेच्या.

बटणाचा पत्ता बदलला तर स्वतःच नवा शोधणारी टूल्सही आलीत. सोय चांगली आहे, पण ‘तिकीट काढा’ सापडलं नाही म्हणून शेजारचं ‘पास काढा’ दाबलं आणि टेस्ट फक्त ‘पुढचं पान उघडलं का’ एवढंच बघत असली, तर चूक हिरव्या रंगात निघून जाते.

(दृश्य: भुयारातला मेट्रोचा डबा, एका हातात दोन फोन)

चाचणीचं ॲप, चाचणीचीच खाती. सीप्झ सोडताना टेस्टरने ‘पैसे पाठवा’ दाबलं. विनंती पोचली, खात्यातून पैसे वळते झाले, उत्तर परतताना रेंज गेली. ॲपने थोडी वाट पाहिली आणि लिहिलं: ‘व्यवहार अयशस्वी’. अशा वेळी कुणीही करेल तेच तिने केलं, पुन्हा दाबलं. मरोळ नाक्याला रेंज आली तेव्हा पैसे दोनदा गेलेले.

एआयच्या टेस्टमधली बँक नकली असते. ती लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. उत्तरच न येणं तिच्या गावी नसतं. फ्लाइट मोड लावूनही हा बग सापडत नाही, कारण तेव्हा ॲपला नेट नसल्याचं कळतं आणि विनंती जातच नाही. इथे रेंजच्या काड्या दिसत राहतात, पण डेटा हलत नाही.

(दृश्य: ऑफिस, प्रॉक्सीची स्क्रीन)

ऑफिसात हेच प्रॉक्सी, म्हणजे फोन आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारा प्रोग्राम, लावून करतात: विनंती जाऊ द्यायची, उत्तर वाटेत अडवायचं. बग रिपोर्टमध्ये व्यवहार क्रमांक, सेकंदासकट वेळ आणि सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे नोंदवहीतल्या, दोन्ही ओळी. इथला लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे, म्हणून साडेपाच तास मिळवायचे. ते राहिलं की भलत्याच ओळी जोडल्या जातात.

दुरुस्ती अशी: दुसऱ्या प्रयत्नालाही तोच व्यवहार क्रमांक, म्हणजे सर्व्हर पैसे पुन्हा कापत नाही. उत्तर आलं नाही तर ‘अयशस्वी’ऐवजी ‘प्रलंबित’, आणि मग ॲपने स्थिती विचारत राहायचं. एवढं ठरल्यावर ही टेस्ट एआयने लिहायला काहीच हरकत नाही. ती आता प्रत्येक बिल्डला चालते.

(दृश्य: संध्याकाळ, मुलाखतीसाठी बसलेली मुलं-मुली)

नुसती शीट भरण्याच्या जागा कमी होत चालल्यात, हेही खरं. फ्रेशरला आता एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), एपीआय (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती वाट) आणि लॉग वाचणं विचारतात.