ईमची दफननोंद

[सकाळ. चर्चचं आवार. गवतावर दव.]

इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात एक छोटं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर आपण 'एयाम' म्हणू. तिथली माणसं म्हणतात 'ईम'. सप्टेंबर 1665 ते नोव्हेंबर 1666, हे चौदा महिने गावात प्लेग होता. अडीचशेहून जास्त माणसं गेली.

त्यांच्या कबरी बघायच्या म्हणून आपण चर्चच्या आवारात येतो. आठव्या शतकातला दगडी क्रूस दिसतो, शेवाळलेले दगड दिसतात. पण प्लेगने गेलेल्या माणसाची, नाव असलेली कबर इथे एखादीच आहे. कॅथरिन मॉम्पेसन, गावच्या पाद्रीची बायको.

बाकीची माणसं वहीत आहेत.

इंग्लंडमध्ये 1538 पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी लागे. ईमची त्या वर्षांची मूळ वही आता नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच एका पाद्रीने तिची नक्कल करून ठेवली, ती आहे. मला त्या नक्कल करणाऱ्याबद्दल फार वाटतं. एकेक नाव, एकेक तारीख उतरवत तो बसला. मध्येच कधीतरी त्याचा हात थांबला असेल.

प्लेगचं पहिलं नाव जॉर्ज विकार्स. 7 सप्टेंबर 1665. शिंपीकाम करणारा माणूस. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो दमट निघाला, म्हणून त्याने शेकोटीपुढे वाळत घातला. त्या कापडात पिसवा होत्या, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. पंधरा दिवसांनी त्याच घरातल्या एडवर्ड कूपर या मुलाचं नाव येतं. मग शेजारची घरं.

हिवाळ्यात रोग मंदावला आणि उन्हाळ्यात पुन्हा उसळला. जून 1666. पाद्री विल्यम मॉम्पेसन तिशीही न गाठलेला, गावात नवखा. लोकांचा जीव होता त्याच्या आधीच्या थॉमस स्टॅनलीवर, ज्याला धर्ममतांपायी पद सोडावं लागलं होतं. या दोघांचं एरवी पटण्यासारखं नव्हतं. पण दोघं एकत्र आले आणि गावाला म्हणाले, वेस ओलांडायची नाही. ज्यांना परवडत होतं त्यांतले काही आधीच निघून गेले होते. मॉम्पेसननेही आपली दोन मुलं बाहेर पाठवली होती. उरलेलं गाव थांबलं.

वेशीवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर भरायचं आणि नाणी टाकायची. शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून ती नाणी घेऊन जात. प्रार्थना चर्चमध्ये नाही, उघड्यावर, घळीत. आणि चर्चच्या आवारात दफन बंद. ज्याने त्याने आपलं माणूस आपल्या परसात, आपल्या शेतात पुरायचं.

[रायली. गावाबाहेर टेकडीवर, गवतात गोल दगडी गडगा.]

या गडग्याच्या आत हॅनकॉक कुटुंब आहे. सहा उभे दगड आणि एक चौथऱ्यासारखी कबर. 3 ऑगस्टला दोन मुलं गेली. 7 तारखेला दोन मुलं आणि त्यांचे वडील जॉन. 9 ला एक मुलगी, 10 ला आणखी एक. आठ दिवसांत सात जण. खड्डे खणले आईने, एलिझाबेथने. हात लागू नये म्हणून ती प्रेताला फडकं बांधून ओढत नेई, असं सांगतात. समोरच्या डोंगरावरून स्टोनी मिडलटन या शेजारच्या गावचे लोक बघत होते. त्यांना खाली येता येत नव्हतं. पुढे ती शेफील्डला, तिथे काम शिकत असलेल्या मुलाकडे निघून गेली.

दगडांवरच्या अक्षरांवरून बोट फिरवा. झिजलीत, तरी लागतात.

कॅथरिन गेली त्याच महिन्यात, 25 ऑगस्टला. ती नवऱ्याला सोडून मुलांबरोबर गेली नव्हती. नोव्हेंबरच्या पत्रात मॉम्पेसन हिशेब देतो: 76 कुटुंबांत रोग शिरला, 259 माणसं गेली. स्वतःच्या बायकोलाही त्याने त्याच आकड्यात धरलं असणार.

हा रोग आपल्याला परका नाही. 1897 मध्ये पुण्यात हाच प्लेग होता. तिथे गोरे सोल्जर घराघरांत शिरून माणसं बाहेर काढत होते. आणि मुंढव्याचं आजारी पोर उचलून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले 10 मार्चला याच रोगाने गेल्या. म्हणून ईमची वही वाचताना ती नावं मला लांबची वाटत नाहीत.

शेवटची नोंद 1 नोव्हेंबर 1666. अब्राहम मॉर्टन, विशीतला शेतमजूर. प्लेगने गेलेले त्या आडनावाचे अठरा जण या वहीत आहेत.

[गावातली घरं. दारापाशी हिरवी पाटी.]

चर्चजवळच्या या घरांमध्ये आजही माणसं राहतात. खिडकीत पडदे आहेत, दारात फुलझाडं. बाहेर हिरव्या पाटीवर, याच घरात कोण कोण गेलं त्यांची नावं आहेत. नाव आणि तारीख, वहीत आहे तशीच. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्या घळीकडे चालत जातं, आणि कॅथरिनच्या कबरीवर फुलांचं चक्र ठेवलं जातं.