मोबाईल हातात आहे, पण डॉक्टरपर्यंत पोचता येतंय का?

हा अंगठा बघा. स्क्रीनच्या वर थांबलाय, खाली येत नाहीये. अपॉइंटमेंटचं पान उघडलंय, नंबर टाकला, ओटीपी आला, पण तो बघायला मेसेजमध्ये गेलं आणि परत आलं की पान पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं तीनदा झालं की माणूस फोन बाजूला ठेवतो आणि म्हणतो, जाऊ दे, एवढं काही दुखत नाहीये.

युनोच्या आयटीयू या दूरसंचाराचं काम बघणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये अंदाज दिला होता की जगात साधारण 550 कोटी लोक इंटरनेट वापरतात आणि 260 कोटी वापरत नाहीत. तेव्हा शहरात 100 पैकी 83 जण ऑनलाइन होते, खेड्यात 48. पण हा अंगठा त्या 550 कोटींमध्येच मोजला जातो हो! फोन आहे, नेट आहे, तरी डॉक्टर काही भेटला नाही.

आता रिपोर्टचं बघू. रात्री पीडीएफ येते, डॉक्टरांशी बोलणं अजून झालेलं नाही. अक्षर इतकं बारीक की झूम केलं तर आकडा दिसतो पण शेजारची नॉर्मल रेंज स्क्रीनच्या बाहेर जाते, आणि दिसतं काय तर आकड्यापुढे 'एच', म्हणजे हाय, मग सर्च सुरू, आणि चौथ्या-पाचव्या लिंकपर्यंत कॅन्सर येतोच. ही रेंज बऱ्याचदा अशी ठरवतात की 100 निरोगी माणसांपैकी साधारण 95 जण तिच्यात बसतील, म्हणजे ठणठणीत माणसाचा आकडाही कधीकधी बाहेर जातो. ही एक ओळ रिपोर्टवर साध्या भाषेत लिहिली असती तर ती रात्र तरी नीट गेली असती. मला याचं खरंच वाईट वाटतं.

2006 मध्ये कॅनडातल्या कॅमरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर यांनी मांडलं होतं की ऑनलाइन आरोग्य माहिती वापरायला सहा प्रकारची समज एकत्र लागते, त्यात लिहिणं-वाचणं आलं, कॉम्प्युटर हाताळणं आलं, आणि कोणाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा हेही आलं. आपण मात्र ॲपचे डाऊनलोड मोजतो आणि खूश होतो.

आणि फोन घरात एकच असेल तर? बाईला स्वतःच्या रक्तस्रावाबद्दल शोधायचंय, पण हिस्ट्री नंतर कोणीही बघणार, मग ती शोधतच नाही.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने 1971 मध्येच लिहून ठेवलंय की ज्याला उपचारांची गरज जास्त, त्याच्यापर्यंत ते कमी पोचतात. फोन लाईन बंद करून सगळं ॲपवर टाकलं की नेमकं तेच होतं, म्हातारी माणसं, कमी दिसणारी, कमी शिकलेली, आधी हीच गळतात.

परत त्या अंगठ्याकडे येऊ. शेजारी आता कोणीतरी बसलंय. फोन हातातून काढून घेत नाही, नुसतं सांगतंय, मेसेज उघडू नका, वरून पट्टी खाली ओढा, आकडा तिथेच दिसतो. झालं. मग ती शेजारी बसलेली बाई म्हणते, आता सगळं पुसून टाकते, तुम्ही मला करून दाखवा.

अंगठा खाली येतो. हळू, पण येतो.