टिकतं ते नेमकं काय?

मी मंचावर चढण्याआधीच पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "डॉक्टर, बाकी सगळं राहू द्या, चेहऱ्याचं पीआरपी किती दिवस टिकतं एवढंच सांगा." पीआरपी म्हणजे 'प्लेटलेट-रिच प्लाझ्मा': तुमच्याच रक्तातला, प्लेटलेट्स दाटलेला पिवळा द्रव काढून तुमच्याच त्वचेत टोचायचा. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर सांगून टाकते. चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा केलं, तर बऱ्याच जणांना सहा महिने ते वर्षभर फरक जाणवतो. काहींना दीड वर्षापर्यंत, आणि काहींना काहीच नाही. घाई असेल त्यांनी निघायला हरकत नाही. पण प्रश्नातला 'टिकतं' हा शब्द मला खटकतो, म्हणून बाकीचा वेळ त्याच्यावरच घालवणार आहे.

हाताच्या शिरेतून दहा-वीस मिलिलिटर रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट असतं. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून बाहेर काढली, की तळाला गडद लाल थर, वर फिकट पिवळं पाणी आणि मधे कागदाच्या कडेइतकी पातळ पांढुरकी साय दिसते. आपल्याला हव्या असलेल्या प्लेटलेट्स (पुस्तकातल्या रक्तबिंबिका) या सायीच्या आसपास दाटलेल्या असतात. तिथपर्यंत सुई न्यायची, पण लाल थर ढवळू द्यायचा नाही. हात जरा हलला की सिरिंजमधला पिवळा रंग लगेच गुलाबी होतो. आमच्याकडे नव्याने शिकणाऱ्यांचा श्वास इथे हमखास अडकतो.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 1998 साली जबड्याच्या हाडाच्या कलमासाठी पीआरपी वापरून दाखवलं. पीआरपीत प्लेटलेट्सचा हा आकडा दहा लाखांच्या आसपास असावा, असं पुढे त्यांनीच सुचवलं. म्हणजे ही प्लेटलेट मंडळी आधी जबड्यात कामाला लागली, चेहऱ्यावर नंतर आली. प्रत्यक्षात यंत्र वेगळं, फिरवण्याचा वेग वेगळा, माणूस वेगळा, त्यामुळे दोन नळ्यांत एकसारखा माल कधीच नसतो. मैत्रिणीला वर्षभर पुरलं म्हणून तुम्हालाही पुरेल, हा हिशेब म्हणूनच फसतो.

आता ते चेहऱ्यात टोचलं. पुढे काय? प्लेटलेट्सचा ऊतींशी संबंध आला की त्यांच्या आतल्या बारीक पिशव्या उघडतात आणि ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना कामाला लावणारी प्रथिनं, बाहेर पडतात. त्यांतले बहुतेक पहिल्या तासाभरातच मोकळे होतात. मुळात प्लेटलेटचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं. फिलर (सुरकुत्या-खळगे भरायचं इंजेक्शन) भरला तर हायलुरोनिक आम्ल त्वचेखाली बसून राहतं आणि हळूहळू विरतं, म्हणून 'फिलर टिकला' म्हणता येतं. बोटुलिनममुळे (म्हणजे बोटॉक्समुळे) स्नायूला मिळणारा इशारा तीन-चार महिने अडतो, तोही एका अर्थी टिकतो. पीआरपीमध्ये आम्ही घातलेलं काहीच उरत नाही. प्लेटलेट्स म्हणजे मुकादम. ते येऊन ओरडून जातात. भिंत बांधायची ती तुमच्याच त्वचेतल्या गवंड्यांनी, म्हणजे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींनी. गवंडी थकलेले असतील, तर मुकादमाने घसा कोरडा करून उपयोग नाही. धूम्रपान करणाऱ्यांना माझ्याकडून फार आशा मिळत नाही, ती यामुळेच.

बांधकामाला वेळ लागतो. आधी कच्चं कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) तयार होतं, मग त्याच्या जागी पक्कं येतं. बदल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतो आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला भरात येतो. 'पी हळद नि हो गोरी' असं इथे होत नाही. उलट, टोचल्यावर दोन-तीन दिवस चेहरा जो टवटवीत दिसतो, ती निव्वळ सूज असते. ती उतरली की लोक फोन करतात, "डॉक्टर, गेलं की हो सगळं!" अहो, अजून आलंच नव्हतं.

त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायला लागणारा काळ, सुमारे पंधरा वर्षं मोजलं गेलंय. मग पीआरपीचा फरक वर्षभरात का ओसरतो? एक तर नवं बांधकाम थोडंसंच असतं. आणि दुसऱ्या बाजूने पाडकाम थांबलेलं नसतं. वयाबरोबर कोलॅजेन वर्षाला साधारण एक टक्का कमी होत जातं. त्यात ऊन. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं, की त्वचा लाल होण्यासाठी जेवढे अतिनील किरण लागतात, त्यापेक्षा कितीतरी कमी मात्रेनेसुद्धा कोलॅजेन तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. म्हणजे 'मला ऊन लागतच नाही' म्हणणाऱ्यांचंही पाडकाम चालूच असतं. पीआरपी किती महिने दिसेल हे माझ्या सुईपेक्षा या ओढाताणीवर जास्त ठरतं. लोंबलेली त्वचा ते वर उचलत नाही आणि खोल घड्या भरत नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

आता जरा अडचणीचं. 2018 मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गालात पीआरपी, दुसऱ्यात नुसतं सलाइन, तेही एकदाच. शेवटपर्यंत राहिलेल्या 19 जणांची सहा महिन्यांनी तपासणी झाली. ज्यांच्या चेहऱ्यावर केलं, त्यांना स्वतःला पीआरपीची बाजू अधिक सुधारलेली वाटली. कोणत्या गालात काय आहे हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरांना मात्र दोन गालांत ठळक फरक सापडला नाही. एवढ्याशा चाचणीवरून मी उपचार बंद केला नाही, पण बोलताना आवाज खाली आणला. आरशावर विसंबायचं नाही, हे तर पक्कंच केलं.

एक बाई चौदा महिन्यांनी आल्या, म्हणाल्या, "सगळं पूर्ववत झालं." मी पहिला फोटो आणि त्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवले. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. डोळ्यांखालची बारीक चुणी पहिल्यापेक्षा अजूनही कमीच होती. पूर्ववत झालं होतं ते त्यांचं कौतुक. नव्याचे नऊ दिवस!

सुईबद्दल एकच सांगते. न्यू मेक्सिकोतल्या परवाना नसलेल्या एका स्पामध्ये पीआरपीचं फेशियल केलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं 2018 पासून उघडकीला येत गेलं. रक्त तुमचंच, पण नळी आणि सुई कुणाची? ते पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा.

आणि पहिल्या रांगेतल्या बाई, "पुन्हा कधी करायचं?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. बरेच जण सहा ते बारा महिन्यांनी एकदा करतात. मी आधीच तारीख देत नाही. सुरू करण्याआधी एका खिडकीपाशी, ठरावीक वेळी, पावडर न लावता फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तिथेच, त्याच वेळी दुसरा काढा आणि दोन्ही घेऊन या. मग बसून बघू.