अजून दोन वर्षं

[उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. दिवसपाळी.]

मशीनचं दार सरकलं की आधी कूलंटचा वास येतो. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, अजून कोमट असतो. तो फडक्यानं पुसायचा, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचा, रॅचेट तीनदा टिकटिकू द्यायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मग पुढचा जॉब. आज सकाळपासून वहीचं दुसरं पान भरत आलंय.

हा मुलगा मेकॅनिकलचा बी.ई. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पगार 18,000. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची, जुनी प्रश्नपत्रिका. एम.टेक. करावं की करू नये, हे गेले सात महिने ठरत नाहीये.

[घर. संध्याकाळ. लग्नपत्रिकेची मागची बाजू.]

हिशेब वडिलांच्या हातचा आहे. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन. चोवीस महिन्यांचे 2,97,600. आत्ताची नोकरी धरून ठेवली तर तेवढ्याच काळात 4,32,000. वजाबाकी खाली दोनदा गिरवलीय: 1,34,400. फी आणि खोलीभाडं त्यात धरलेलंच नाही. आणि गेट न देता एम.टेक.ला गेलं तर विद्यावेतनाची ओळच खोडावी लागते.

"शिक म्हणतोय की मी," वडील म्हणतात. "पण शिकून परत हितंच येणार असशील तर आधीच का जातोस?"

प्रश्न बापाचा असला तरी बिनतोड आहे. कारण ज्या मशीनवर हा उभा आहे, त्या मशीनला एम.टेक. लागत नाही. सुपरवायझर व्हायलाही लागत नाही, तिथं हाताखालून गेलेली कामं मोजतात. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र लागते. संशोधनाला, डिझाइनच्या काही नोकऱ्यांनाही लागते. यातलं नेमकं काय हवंय, असं चित्रीकरण करताना आम्ही त्याला विचारलं. तो बराच वेळ पत्रिकेकडं बघत होता.

[नांगराचं जुनं छायाचित्र.]

उद्यमबागेत कुणाही कारखानदाराकडं चहाला बसा, हा नांगर निघतोच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी केली. इंजिनिअरिंगची पदवी होती कुठं, असं म्हणून बशी खाली ठेवली जाते. लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, हे सांगायचं तेवढं राहून जातं.

[मध्यवर्ती बसस्थानक. सकाळी सव्वाआठ.]

पाटी कन्नडमध्ये, गर्दीतली हाकाटी मराठीत. ही मुलगी आधारकार्ड दाखवते, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. जून 2023पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. तिच्या एम.ए.चा निर्णय निम्मा याच तिकिटानं झाला. घरच्यांनी फीचे पैसे काढले असते, पण रोजच्या जाण्यायेण्याचे नाही. हे तिकीट कोल्हापूरला चालत नाही, म्हणून कोल्हापूर मागे पडलं.

बस महामार्गाला लागते. भूतरामनहट्टीच्या माळावर राणी चन्नम्मा विद्यापीठ.

तिच्या आजोबांच्या वेळी पदव्युत्तर शिक्षण म्हटलं की धारवाड. 1962 साली शिवाजी विद्यापीठ निघालं आणि मराठी घरांचा ओढा कोल्हापूरकडं वळला. 1982मध्ये धारवाडच्या विद्यापीठानं बेळगावात पदव्युत्तर केंद्र काढलं, 2010मध्ये त्याचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. मधल्या काळात, 1998 साली, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालयही बेळगावात आलं. शंभर किलोमीटरवरचं शिक्षण अशा रीतीनं सिटी बसच्या अंतरावर आलं. डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी.

म्हणूनच इथं पुष्कळ पोरं एम.ए. 'करत' नाहीत, एम.ए.ला 'असतात'. सध्या काय चाललंय, या प्रश्नाला दोन वर्षं पुरणारं उत्तर मिळतं.

हिचं तसं नाही. हिला शिकवायचंय. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, लेक्चरर व्हायचं तर एम.ए. लागते, वर बी.एड. लागते. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे, म्हणजे दोन आणि दोन चार. पदवी महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. 2021पासून विद्यापीठांत पीएच.डी. सक्तीची होणार म्हणत होते. तो निर्णय पुढं ढकलला गेला आणि 2023च्या जुलैमध्ये नेट-सेट हीच किमान अट राहिली. नेटला मराठी विषय आहे. पण पहिला पेपर इंग्रजी किंवा हिंदीतूनच वाचावा लागतो. बसमध्ये तिच्या मांडीवर आहे ते त्याच पेपरचं पुस्तक. पेन्सिलीनं प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी.

[प्लास्टिकची फाइल. एकेक कागद.]

सीमाभागात या फाइलमध्ये एक कागद जास्तीचा असतो. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या एमबीए, इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळी सोय आहे. त्यासाठी दोन गोष्टींचे दाखले लागतात: वादग्रस्त भागात राहतो, आणि मातृभाषा मराठी. घरात दुसरी भाषा कुणी बोलत नाही, तरी तसं शिक्क्यानिशी लिहून आणावं लागतं. त्या कारखान्यातल्या मुलानं हा कागद चार वर्षांपूर्वी काढून ठेवलाय, लॅमिनेशन करून. लॅमिनेशन केलेला चालत नाही, असं त्याला खिडकीवर सांगितलं गेलं. तो पुन्हा काढला.

त्याच्या वर्गातल्या दोघांनी एम.टेक. केलं. एक हैदराबादला आहे. दुसरा उद्यमबागेतच, दोन शेड पलीकडं, पगारात फार फरक नाही.

गेटचे गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे परीक्षा देऊन नोकरी करता येते, निकाल खिशात ठेवून. हे त्याला त्या दुसऱ्यानंच सांगितलं, चहाच्या टपरीवर. आमचा कॅमेरा तेव्हा चालू होता.

[पाळी सुटण्याची वेळ. हात धुण्याचा नळ.]

साबणाऐवजी लाकडाचा भुसा. आधी कोरडा भुसा चोळायचा, मग पाणी. नखांच्या कडेचं काळं तरीही राहतं. खिशातून मोबाईल काढायला तो कोपरानं शर्ट सरकवतो. गेटच्या अर्जाची मुदत अकरा दिवसांवर आहे. मागच्या मशीनवर रात्रपाळीचा माणूस आलाय आणि वही मागतोय.